न दुखणारी गाठ, न खाजणारा चट्टा

अंगावर काही उठलं की आपल्या घरात दोनच प्रश्न विचारले जातात. दुखतंय का? खाजतंय का? दोन्हीला 'नाही' असं उत्तर आलं की विषय संपतो. राहू दे, जाईल आपोआप. मग सहा महिने जातात, वर्ष जातं. आज आम्हाला या पानावर सांगायचं आहे ते हेच, की काही आजार दुखत नाहीत आणि खाजतही नाहीत. तीच त्यांची खूण असते. कातडीचा टीबी आणि कुष्ठरोग हे त्यातले दोन मोठे आजार.

दोघांचे जंतू एकाच कुळातले. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेमधल्या हॅन्सन या डॉक्टरांनी १८७३ मध्ये शोधला. टीबीचा जंतू सापडल्याचं रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केलं, म्हणून आपण २४ मार्चला क्षयरोग दिन पाळतो. या कुळातल्या जंतूंना मेणासारखं जाड कवच असतं आणि ते फार सावकाश वाढतात. साध्या फोडात पू करणारे जंतू अर्ध्या तासात एकाचे दोन होतात. टीबीच्या जंतूला त्यासाठी जवळपास २० तास लागतात आणि कुष्ठरोगाच्या जंतूला बारा-चौदा दिवस. म्हणून साधं गळू दोन दिवसांत ठणकायला लागतं आणि टीबीची गाठ महिनोन् महिने गप्प बसते. औषध पाच दिवसांचं का नसतं, सहा महिन्यांचं का असतं, याचं उत्तरही बरंचसं इथेच आहे.

टीबी म्हटलं की आपल्याला खोकला आठवतो. पण केस आणि नखं सोडली तर टीबी अंगात कुठेही होऊ शकतो. फुप्फुसाबाहेर टीबी झालेल्या शंभर जणांमध्ये कातडीचा टीबी असणारे साधारण एक-दोनच निघतात. तरी आपल्या देशात टीबीचे रुग्णच इतके आहेत, की हे एक-दोनसुद्धा मिळून पुष्कळ होतात. आणि दाटीची घरं, कमी उजेड, कमी खाणं जिथे आहे तिथेच ते जास्त सापडतात.

यातला सगळ्यात ओळखीचा प्रकार म्हणजे गंडमाळ. मानेला, कधी काखेत किंवा जांघेत गाठी येतात. बोराएवढी एक गाठ, मग तिच्या बाजूला दुसरी, मग दोन्ही एकमेकींना चिकटतात. दाबलं तर दुखत नाही, हात लावला तर गरम लागत नाही. काही महिन्यांनी वरची कातडी पातळ आणि जांभळट होते, आतून गाठ मऊ पडते आणि एक दिवस फुटते. आतून पातळ पाणी येतं, कधी पनीरच्या चुऱ्यासारखं पांढरं येतं. एक तोंड सुकतं तोवर शेजारी दुसरं उघडतं. गाठीतला टीबी कातडीपर्यंत आला, असा त्याचा अर्थ. मणक्याचा, बरगडीचा किंवा सांध्याचा टीबीही असाच बाहेर वाहू लागतो.

तरुण मुलीच्या मानेवर गाठ आली की घरात काय होतं ते आम्ही पुष्कळ पाहिलं आहे. ओढणी वर ओढली जाते. लग्न जमायचं आहे, कुणाला कळायला नको, सरकारी दवाखान्यात नको, तिथे नाव लागतं. कुणी गाठीवर लेप लावतो, कुणी बिब्ब्याचा डाग देतो, कुणी गळ्यात मुळी बांधतो. शेवटी गल्लीतल्या डॉक्टरकडे नेतात आणि तो साधं गळू समजून चिरा देतो. यातला प्रत्येक उपाय मुलीच्या मानेवर एकेक व्रण ठेवून जातो. टीबीच्या गाठीला सरळ चिरा दिला तर ती जखम महिनोन् महिने वाहत राहू शकते. पाणी काढायचं असेल तर डॉक्टर बाजूच्या चांगल्या कातडीतून सुई घालून ओढून काढतात. म्हणून गाठ दुखत नसेल आणि कुणी लगेच कापू म्हणत असेल, तर आधी विचारा, सुईने तपासलं का? गाठ फुटण्याआधी गोळ्या सुरू झाल्या तर पुष्कळदा व्रण न पडताच ती विरते. ज्या लग्नाच्या काळजीने आपण लपवतो, त्याच काळजीने लवकर दाखवायला हवं.

दुसरा प्रकार चट्ट्याचा. कुल्ला, मांडी, पाय, कधी चेहरा अशा जागी एक लहानशी पुळी येते आणि वर्षानुवर्षं पसरत पसरत तिचा चट्टा होतो. तो एका कडेने पुढे सरकतो आणि मागे सुकलेला, सुरकुतलेला व्रण सोडतो. पुस्तकांत या चट्ट्याचा रंग लाल लिहिलेला असतो, कारण चित्रं गोऱ्या माणसांची असतात. आपल्या सावळ्या-काळ्या कातडीवर तो तपकिरी, जांभळट, कधी काळसर दिसतो. चित्राशी जुळत नाही म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे हा चट्टा पुष्कळदा कमरेखाली असतो आणि बायका तो पुरुष डॉक्टरला दाखवत नाहीत. बाईडॉक्टर कधी बसतात ते नर्सबाईंना विचारावं, पण दाखवावं. फार वर्षं तसाच राहिलेला असा चट्टा पुढे कधी कधी कातडीच्या कॅन्सरमध्येही बदलतो.

तिसरा प्रकार चामखिळीसारखा. तळपायावर, घोट्याजवळ, गुडघ्यावर किंवा हातावर एक खरखरीत, जाड, भेगाळलेली जागा होते. अनवाणी चालणाऱ्या पायाला काहीतरी खरचटतं आणि कुणाच्या थुंकीतला जंतू त्या भेगेतून आत जातो. कचरा वेचणाऱ्या आपल्या बाया, सफाई कामगार, अंगणात अनवाणी खेळणारी लेकरं यांच्यात हा सापडतो. चामखीळ म्हणून जाळतात, कापतात, पुन्हा येते. स्टेथोस्कोप शोधणारे फ्रेंच डॉक्टर लाएनेक टीबीने मेलेल्या माणसाचे मणके कापत होते. करवत बोटाला लागली आणि त्यांच्या बोटावर अशीच गाठ उठली. पुढे १८२६ मध्ये ते टीबीनेच गेले. ज्यांच्या हातात जन्मभर घाण कामाचं साहित्य असतं त्यांना हातमोजे आणि बूट मिळणं हा त्यांच्या हक्काचा भाग आहे. तो मिळत नसेल तर मुकादमाला विचारण्यात लाजायचं काय?

लहान मुलांमध्ये कधी पोटावर-पाठीवर बारीक, कातडीच्याच रंगाच्या पुळ्यांचे घोळके येतात. खाज नसते. जंतू त्या पुळ्यांत नसतो, शरीरात दुसरीकडे कुठेतरी टीबी लपलेला असतो. अशा मुलाचा छातीचा एक्स-रे आणि गाठींची तपासणी करायलाच हवी.

आता कुष्ठरोगाकडे येऊ. चट्टा फिकट किंवा तांबूस असतो आणि त्यावर स्पर्श कळत नाही. तिथला घाम जातो, केस विरळ होतात. घरच्या घरी पाहायचं तर डोळे मिटायला सांगा आणि कापसाची वात कधी चट्ट्यावर, कधी चांगल्या कातडीवर हलकेच टेकवा. जिथे लागलं तिथे बोट ठेवायला सांगा. चट्ट्यावर बोट येत नसेल तर दवाखाना गाठा. पण काही प्रकारांत चट्ट्यावर स्पर्श कळतोही. कानाची पाळी जाड होणं, भुवया बाहेरच्या बाजूने गळणं, चेहऱ्यावर तेलकट चकाकी येणं, पायातली चप्पल कधी निसटली ते न कळणं, हाताची करंगळी वाकडी होऊ लागणं, यावर लक्ष ठेवा. एखादी बाई गरम तवा उचलते, फोड येतो आणि तिला कळत नाही. तो फोड भाजल्याचा म्हणून सोडून द्यायचा नाही. तो आधी कळला का नाही, हे विचारायचं.

पांढरा डाग दिसला की घाबरणाऱ्यांसाठी एवढंच. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो, त्यावरचे केसही पांढरे होऊ शकतात आणि तिथे स्पर्श नीट कळतो. कोड हा जंतूचा आजार नाही, तो कुणाला लागत नाही. शिबे आणि नायटा बुरशीचे असतात. नायट्याला तर चांगलीच खाज असते.

या खाजेवरूनच सगळ्यात मोठी गडबड होते. मेडिकलवाल्याकडे जाऊन आपण म्हणतो, चट्टा आहे, एक मलम द्या. तो चाळीस-पन्नास रुपयांची ट्यूब देतो. त्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि कडक स्टिरॉइड असं सगळं एकत्र कोंबलेलं असतं. स्टिरॉइडने आठ दिवसांत चट्टा फिका पडतो, आपण खूश होतो. पण स्टिरॉइड त्या जागेची झुंजण्याची ताकदच काढून घेतं. वरून फिकं पडतं आणि आत जंतू निवांत वाढतो. नंतर डॉक्टरांना चट्ट्याचं खरं रूप दिसतही नाही. स्टिरॉइडचं कडक मलम चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने मनाई आहे, तरी वस्तीच्या नाक्यावर ते गोळी-बिस्किटासारखं मिळतं. आमची एक साधी सूचना आहे. दवाखान्यात जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या. रिकाम्या असल्या तरी न्या. त्या पाहिल्यावर डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

या कुळाची आणखी काही भावंडं आहेत. ती नळाच्या पाण्यात आणि मातीत राहतात आणि सहसा कुणाला त्रास देत नाहीत. पण सुई नीट निर्जंतुक नसेल, ऑपरेशनची हत्यारं औषधात बुडवून पुन्हा नळाच्या पाण्याने धुतली असतील, तर ती आत शिरतात. इंजेक्शन घेतल्यावर काही आठवड्यांनी कुल्ल्यावर गाठ येऊन वाहू लागणं, दुर्बिणीच्या ऑपरेशनची टाके घातलेली जागा वरून भरून आलेली असताना महिन्याभराने पुन्हा फुटणं, ही त्यांची लक्षणं. दुर्बिणीने कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन आपल्या वस्तीतल्या किती बायकांचं झालेलं असतं ते सांगायला नको. अशी जखम नेहमीच्या गोळ्यांनी बसत नाही. टीबीच्या नेहमीच्या गोळ्याही या भावंडांवर पुष्कळदा चालत नाहीत. पू तपासणीला पाठवून नेमका जंतू कोणता ते पाहावं लागतं आणि वेगळी औषधं काही महिने घ्यावी लागतात. इंजेक्शनला नवी सुई समोर फोडायला सांगा. जत्रेत गोंदवून घेतानाही हेच. एकाच सुईने दहा पोरांच्या हातावर नाव लिहिणाऱ्याकडे हात पुढे करू नका. मासळी साफ करताना काटा लागला आणि नंतर हातावर ओळीने गाठी चढत गेल्या, तर डॉक्टरांना मासळीचं काम सांगायला विसरू नका. त्यावरून निदान सापडतं.

बाळाच्या डाव्या दंडावर बीसीजीची लस दिल्यावर तीन ते सहा आठवड्यांत पुळी येते, फुटते आणि खूण ठेवून भरते. हे असंच व्हायला हवं. त्यावर हळद, तेल, पावडर काही लावू नका. काखेत मोठी गाठ आली किंवा ती वाहू लागली तरच दाखवा.

तपासणीला गेल्यावर काय होतं, ते आधी माहीत असलं की भीती कमी होते. गाठ असेल तर बारीक सुईने आतलं पाणी घेतात. चट्टा असेल तर जागा बधिर करून तांदळाच्या दाण्यापासून वाटाण्याएवढा तुकडा काढतात, एक-दोन टाके पडतात. तुकडा काढला की आजार पसरतो, कॅन्सर होतो, हे वस्तीत फार ऐकू येतं आणि ते खोटं आहे. पण एक गोष्ट नर्स म्हणून सांगतो. तुकड्याचे दोन भाग व्हायला हवेत. एक फॉर्मेलिनमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला. दुसरा साध्या सलाईनमध्ये, जंतू वाढवून पाहायला आणि सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर तपासायला. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतो, मग तो वाढवून पाहता येत नाही. सगळा तुकडा एकाच बाटलीत जात असेल तर नम्रपणे विचारा, तुमचा तो अधिकार आहे. कातडीच्या टीबीत जंतू थोडे असतात, म्हणून यंत्राने 'नाही' सांगितलं तरी डॉक्टर बाकी पुराव्यावरून गोळ्या सुरू करू शकतात. सोबत छातीचा एक्स-रे, साखर आणि एचआयव्हीची तपासणीही होते. एचआयव्हीचं नाव ऐकून कुणी रागावू नये. प्रत्येक टीबी रुग्णाची ती करतात.

कातडीचा टीबी हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने, कपड्याने घरच्यांना लागत नाही. मात्र त्याच माणसाच्या फुप्फुसातही टीबी असेल तर खोकल्यातून लागू शकतो. म्हणून एक्स-रे आणि घरच्यांची तपासणी. कुष्ठरोगाचं तसंच. बहुतेक माणसांच्या अंगात त्याच्याशी लढण्याची ताकद उपजतच असते. उपचार न घेतलेल्या रुग्णाजवळ दीर्घकाळ राहिल्यानेच तो लागतो, आणि औषध सुरू होताच लागण्याचा धोका संपतो. घरच्यांना खबरदारीची एक गोळीही दिली जाते.

तरीही भांडं वेगळं ठेवलं जातं, अंथरूण ओट्यावर टाकलं जातं. विटाळ काय असतो हे आपल्या समाजाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आपल्याच घरातल्या माणसाला आपण तो लावतो, याचं आम्हाला जास्त वाईट वाटतं. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सुप्रबुद्ध नावाच्या कुष्ठरोग्याची कथा घेतली आहे, उपाली न्हावी आणि सुनीत भंगी यांच्याच प्रकरणात. घरात ग्रंथ असेल तर ती पाने काढून घरच्यांना वाचून दाखवावीत. कायद्याचंही सांगून ठेवतो. आपली लग्नं हिंदू विवाह कायदा १९५५ खाली येतात आणि त्या कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं. २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन ते काढलं गेलं. नवरा किंवा सासर कुष्ठरोगाच्या कारणावर सोडचिठ्ठीची धमकी देत असेल तर त्या धमकीत आता दम नाही.

औषधं दोन्ही आजारांना सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. टीबीच्या गोळ्या वजनावर ठरतात आणि साधारण सहा महिने रोज घ्यायच्या असतात, हाडाचा टीबी असेल तर जास्त. लघवी केशरी होते, घाबरू नका. तो औषधाचा रंग आहे. मात्र डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, नजर अंधुक झाली किंवा रंग ओळखू येईनात, तर त्याच दिवशी दवाखाना. आणि बायकांसाठी एक गोष्ट, जी पुष्कळदा सांगायची राहून जाते. टीबीच्या गोळ्यांमुळे गर्भनिरोधक गोळी नीट काम करत नाही. तेवढा काळ तांबी किंवा निरोध वापरावा. अंगावर पाजणाऱ्या आईने दूध तोडायचं नाही.

गोळ्या चालू असताना जुनी गाठ मोठी होते, कधी नवी उठते. तेव्हा घरचे म्हणतात, औषध लागू पडत नाही, बंद कर. औषधाने जंतू मरत असतानाही हे होऊ शकतं. डॉक्टरांना दाखवा, पण स्वतः गोळी बंद करू नका. अर्ध्यात सोडलेल्या गोळ्यांनी जंतू पक्का होतो आणि मग जी औषधं लागतात ती जड असतात.

कुष्ठरोगाचा उपचार चट्टे पाचपर्यंत असतील तर सहा महिने, त्याहून जास्त असतील तर बारा महिने. त्यातल्या एका औषधाने कातडी काळपट होते, ती औषध संपल्यावर हळूहळू निवळते. पहिल्या दीड-दोन महिन्यांत ताप येऊन अंगभर पुरळ उठलं, कातडी सोलू लागली, तर गोळ्या थांबवून लगेच मोठ्या दवाखान्यात जा. चट्टे अचानक लाल होऊन सुजले, कोपराजवळची नस दुखू लागली, हाताची पकड कमी झाली, तर तेही त्याच दिवशी दाखवायचं. नस वाचवायला तेव्हा वेळ थोडा असतो. इथे डॉक्टर स्टिरॉइडच्या गोळ्या देतील, त्या घ्यायच्या. मेडिकलवाल्याचं मलम वेगळं आणि ही गोळी वेगळी. ज्यांचे पाय आधीच बधिर आहेत त्यांनी रोज रात्री तळपाय पाहावेत, थोडा वेळ पाण्यात भिजवून ओलेपणीच तेल चोळावं, आणि मऊ तळ्याची चप्पल वापरावी. खिळे ठोकलेली नको.

टीबीच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपये मिळतात. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. कातडीच्या किंवा गाठीच्या टीबीलाही हे मिळतात, फुप्फुसाचाच टीबी हवा असं नाही. खासगी डॉक्टरकडे उपचार घेत असलात तरी त्यांनी तुमची नोंद सरकारकडे करणं बंधनकारक आहे, आणि नोंद झाली की पैशावर तुमचा हक्क आहे. पैसे बँकेच्या खात्यात येतात, म्हणून पहिल्याच दिवशी पासबुकाची झेरॉक्स आणि आधार कार्ड सोबत न्या. खातं बंद पडलेलं असेल तर आधी ते चालू करून घ्या. दोन महिन्यांत पैसे आले नाहीत तर आशाताईंना विचारा, किंवा टीबीच्या मोफत हेल्पलाइनवर, १८००-११-६६६६ या नंबरला फोन करा.